टपावरचं ऊन

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरलं की वायरींची भेंडोळी, होल्डर, पंखे आणि दिव्यांच्या माळा दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. इथला दुकानदार गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, "लोड किती?" त्याचं उत्तर मी वहीत लिहूनच नेलं होतं. २० वॉटचा पंखा आठ तास. पाच-पाच वॉटचे तीन दिवे चार तास. दोन फोन, एक लॅपटॉप, पाण्याचा छोटा पंप. सगळं मिळून दिवसाला ४०० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटहून कमी. घरी आम्हा दोघांचं बिल महिन्याला २०० युनिटच्या पुढे जातं. वहीतले हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले आणि या प्रवासाची ओढ दुपटीनं वाढली. कच्छपर्यंत जायचं, गाडीतच झोपायचं आणि वीज कुणाकडेही मागायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

शाळेत वर्षानुवर्षं मी मुलांना एकसर आणि समांतर जोडणी शिकवली. आता ती स्वतःच्या गाडीवर करायची होती. १०० वॉटच्या दोन सौर प्लेटी घेतल्या. (पॅनेल हा शब्द दुकानात राहतो. वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस प्लेटच म्हणाला, आणि मलाही तोच शब्द आवडू लागला.) त्या समांतर जोडल्या. एकसर जोडल्या असत्या तर एकीवर झाडाची सावली पडली की दुसरीचाही प्रवाह अडला असता. समांतरमध्ये जिच्यावर ऊन आहे ती आपलं काम करत राहते. प्लेटींकडून वायर बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे आणि तिथून बॅटरीकडे. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, १०० अँपिअर-तासांची. ती पूर्ण भरली की १२८० वॉट-तास हाती येतात, म्हणजे तीन दिवस ढग आले तरी आमचं भागतं. साध्या शिशाच्या बॅटरीतली अर्धीच वीज वापरायची असते, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट. आणि वायर जाड हवी. ६० वॉटचं उपकरण घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअर ओढतं, तेच १२ व्होल्टवर पाच अँपिअर ओढतं. बारीक वायर घातली तर वीज वाटेतच उष्णता होऊन संपते.

इन्व्हर्टर घेतला नाही, कारण बॅटरीतली वीज २३० व्होल्टवर चढवण्यातच तिचा दहावा हिस्सा तरी जातो. लॅपटॉपसुद्धा १२ व्होल्टवरच चार्ज होतो. विजेची किटली नको, कारण पाणी तापवायला १५०० वॉट लागतात आणि आमची भरलेली बॅटरी तासाभरात रिकामी होईल. फ्रिज नको, कारण दशम्या, गूळपोळी, लसणाची चटणी आणि मेतकुटाला तो लागतच नाही. आपल्या आज्यांनी प्रवासाचं खाणं फार विचारानं ठरवून ठेवलं आहे. प्लेटी टपावरच्या कॅरिअरवर नट-बोल्टनं बसवल्या. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला कायद्याची मनाई आहे, म्हणून पत्र्याला एकही भोक पाडलं नाही. प्लेट आणि टप यांच्यात चार बोटांची फट ठेवली. प्लेटीला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर तापली की दर अंशाला तिची ताकद थोडी थोडी उतरते. कॅरिअरच्या एका कडेला बिजागऱ्या लावल्या. जानेवारीत सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो, तेव्हा मुक्कामी प्लेट दक्षिणेकडे कलती उभी केली तर सपाट ठेवण्यापेक्षा बरीच जास्त वीज मिळते.

सोसायटीतली मंडळी गोळा झाली. बहुतेकांनी एकच विचारलं, "एसी चालेल का?"

नाशिक मागे पडलं, सटाण्याच्या डाळिंबाच्या बागा संपल्या आणि साक्रीच्या वाटेवर हवा कोरडी झाली. दुतर्फा उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली. बायका ओळीनं वाकून रोपं खोचत होत्या. दुपारी एका वस्तीपाशी थांबलो. सवयीनं नवऱ्यानं गाडी चिंचेखाली घेतली, आणि मी ती पुन्हा उन्हात घ्यायला लावली. आपण देशावरची माणसं जन्मभर सावली शोधतो. गाडी सावलीत लावा, पाण्याचा माठ सावलीत ठेवा, पाहुण्याला सावलीत बसवा. या प्रवासात आम्ही सावलीत बसायचो आणि गाडी उन्हात उभी करायचो. वस्तीवरच्या माणसाला याचं नवल वाटलं. कारण कळल्यावर तो टपाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, याच्यावर मोटर किती एचपीची चालेल?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. शेतीच्या पंपाची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत टॉर्च हातात धरून पाणी भरायला जायचं. पायाखाली साप, बांधाच्या पलीकडे बिबट्या. त्याच्या बायकोनं सांगितलं, तो शेतात गेला की ती झोपत नाही, चुलीपाशी बसून राहते. म्हणून त्याला सौर पंप हवा होता. पैसे वाचतील ही पुढची गोष्ट, आधी पाणी दिवसा भरता येईल. शहरात आपण सौर ऊर्जेबद्दल पृथ्वी आणि पर्यावरण यांच्या गोष्टी करतो, त्या खऱ्याच आहेत. पण इथे तिचा अर्थ नवरा रात्री घरात असणं इतका सरळ होता. कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात असं जेवण तिनं पुढ्यात ठेवलं. नको म्हणायची सोय खानदेशात नाही.

याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, २०१३पासूनचा. आमच्या टपावरच्या विजेच्या सव्वासहा लाख पट. माळरानावर त्या निळ्याकाळ्या रांगा दिसल्या तेव्हा मला आनंद झाला, पण मनात ती चुलीपाशी बसणारी बाईही होती. इतकं ऊन आणि इतकी माळरानं असलेल्या मुलखात शेतकऱ्यानं रात्री पाणी भरावं, हे मला सहन होत नाही. अलीकडे शेतीपंपांसाठी दिवसा वीज देण्याच्या योजना आल्या आहेत, सौर पंपही गावोगाव उभे राहत आहेत. ते काम लवकर व्हावं, बस.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावर चार पावलं चालायला म्हणून मुद्दाम थांबलो, एका राज्यात चहा घेतला आणि दुसऱ्यात जाऊन बसलो.

सुरतेत तापीच्या काठी पोंकाचे ठेले लागले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच. ज्वारीचं कोवळं कणीस भाजून, झोडपून काढलेले हिरवे दाणे. पण खाण्याची तऱ्हा निराळी. आपल्याकडे हुरड्यासाठी शेतात जायचं, आगटीभोवती बसायचं, तळहातावर चोळलेले गरम दाणे लसणाच्या नाहीतर तिळाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. तिथे दाणे तोलून मिळतात, वर लिंबू-मिऱ्याची शेव, सोबत साखरेचे मणी आणि ताक. एकाच धान्याचे दोन्ही लाड मला मानवले. तरी शेतातल्या धुरानं डोळे चुरचुरल्याशिवाय हुरडा पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बडोद्यात दांडिया बाजारात एका आजींनी गाडीचा नंबर पाहून मराठीत हाक मारली आणि तिळगूळ हातावर ठेवला. त्यांच्या मराठीत जुन्या घरातली एक ऐट होती.

संक्रांतीला अहमदाबादेत होतो. तिथे तिला उत्तरायण म्हणतात आणि ती घरात साजरी होत नाही, ती गच्चीवर होते. जुन्या शहरातल्या पोळांमध्ये, म्हणजे दाटीच्या गल्ल्यांमध्ये, सकाळपासून सगळं कुटुंब वर चढलेलं. आजोबा खुर्चीवर, बायका उंधियू आणि जिलब्यांची ताटं घेऊन, पोरं फिरक्या सांभाळत. पतंग कापला की "काय पो छे" असा एकच कल्लोळ. आपल्याकडे संक्रांत हळूच बोलते. वाण, हलव्याचे दागिने, गोड बोला म्हणत हातावर ठेवलेले चार दाणे. ही मात्र आभाळाकडे तोंड करून ओरडते. दोन्हींच्या मुळाशी सूर्यच. तो खरा उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास, सण तीन आठवड्यांनी येतो. पण संपूर्ण शहर एका दिवसासाठी मान वर करून उन्हात उभं राहतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. आमच्या टपावर संध्याकाळपर्यंत कापलेल्या मांज्याचं जाळं झालं होतं. समोरच्या घरातले काका कात्री घेऊन आले, प्लेटीची काच जपत एकेक दोरा सोडवला. गच्च्यांवर जिकडेतिकडे प्लेटी होत्या. घरांवरच्या सौर विजेत गुजरात देशात पुढे आहे. काकांनी विचारलं, "केटलामां पड्युं?" मी आकडा सांगितल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला, किती वर्षांत वसूल होईल ते सांगितलं आणि मान डोलावून पसंती दिली.

मोढेराला पोचलो ते भल्या सकाळी. पुष्पावतीच्या काठचं हे सूर्यमंदिर सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाच्या काळचं, १०२६-२७च्या सुमाराचं. समोरचं कुंड पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतं आणि पायऱ्यांवर लहान लहान देवळं आहेत, एकूण १०८. मी कुंडाच्या काठावर बसून सावल्या सरकताना पाहत होते. विषुवदिनी उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यात पोचावेत अशी मंदिराची मांडणी आहे. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. ज्यांनी हे आखलं त्यांनी सूर्याची चाल वर्षानुवर्षं पाहिली असणार, काठ्या रोवून, छाया मोजून. टपावरच्या प्लेटीचा कल ठरवताना मीही तेच केलं होतं, एका काठीची सावली मोजली होती. त्या अनोळखी कारागिरांशी इतकं नातं सांगता आलं याचं मला सुख वाटलं.

आणि मंदिराच्या भोवतीचं गाव! ऑक्टोबर २०२२मध्ये मोढेरा हे चोवीस तास सौर विजेवर चालणारं देशातलं पहिलं गाव म्हणून जाहीर झालं. तेराशेहून जास्त घरांवर एकेक किलोवॉटच्या प्लेटी. जवळच्या सुज्जनपुऱ्यात ६ मेगावॉटचा प्रकल्प आणि रात्रीसाठी १५ मेगावॉट-तासांची बॅटरी. गल्लीत एका ओट्यावर पापड वाळत होते, वर कौलांवर प्लेटी. दोघांनाही तेच ऊन. हा मुलूख पूर्वी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातला. ओट्यावरच्या काकूंना आम्ही पुण्याचे आहोत म्हटल्यावर त्यांनी पाट मांडला आणि बाजरीचा रोटला, गूळ, पांढरं लोणी समोर आलं. वीज कशी आहे विचारलं, तर म्हणाल्या की आता ती येते का जाते याकडे लक्षच नसतं.

पाटडी, खाराघोडा मागे टाकलं आणि जमीन सपाट झाली, मग तिच्यावरची शेवटची झुडपंही संपली. कच्छचं छोटं रण. गाडी सावलीत लावायची की उन्हात, हा प्रश्नच इथे उरत नाही. पावसाळ्यात हा सगळा भाग पाण्याखाली असतो. पाणी ओसरलं की आसपासच्या गावांमधून अगरिया कुटुंबं येतात, विहिरी खणतात, मिठाचे पाट तयार करतात आणि उन्हाळ्यापर्यंत इथेच राहतात. जमिनीखालचं पाणी समुद्राहून कितीतरी खारं. ते उपसून एका पाटातून दुसऱ्यात खेळवायचं, उन्हानं ते दाट होत जातं आणि पुरेसं दाट झालं की खाली स्फटिक धरू लागतात. पाणी थांबलं तर मीठ बिघडतं, म्हणून उपसा सतत हवा. पूर्वी त्यासाठी डिझेलचं इंजिन चालायचं. डिझेलचे पैसे हंगामाआधी व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घ्यायचे, मिठातून फेडायचे आणि फेडून हातात फारसं काही उरायचं नाही. आता रणात जागोजाग सौर पंप दिसतात. सेवा या बायकांच्या संघटनेनं मिठागरांतल्या बायकांपर्यंत ते पोचवण्यात मोठा वाटा उचलला.

एका पाटाकाठी गाडी थांबवली. झोपडीतून बाई बाहेर आल्या, पाठोपाठ दोन मुलं. नवरा गुडघाभर पाण्यात लाकडी दाताळं ओढत होता. ते रोज ओढावं लागतं, तेव्हा स्फटिक मोठे आणि सारखे होतात. बाईंनी आधी टपाकडे पाहिलं, मग बॅटरीच्या पेटीकडे, कंट्रोलरवरचा आकडा वाचला आणि विचारलं, "बेन, राते शुं करो छो?"

इतक्या वाटेत नेमका हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. प्लेटीवर जगणाऱ्यालाच तो सुचतो. त्यांच्या पंपाला बॅटरी नाही. सूर्य मावळला की पंप बंद, आणि हंगाम जोरात असला की रात्री पुन्हा डिझेल. मी बॅटरीची पेटी उघडून दाखवली. त्यांनी विचारलं, अशी बॅटरी पंपाला लावली तर? आम्ही दोघींनी वाळूत काडीनं हिशेब मांडला. एक अश्वशक्तीचा पंप म्हणजे ७५० वॉट. दहा तासांचे साडेसात युनिट. आमच्यासारख्या सहा बॅटऱ्या. किंमत ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग मुलाला म्हणाल्या, लिहून ठेव. मुलानं शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर सगळं उतरवून घेतलं. देशातलं तीन चतुर्थांश मीठ गुजरातेत पिकतं. आपल्या घरातल्या पुडीवर छापलेल्या किमतीतला अगदी बारीक वाटा या पाटापर्यंत पोचतो. तो नीट पोचला असता, तर वहीतला तो आकडा या घराला इतका लांबचा वाटला नसता.

जेवायला बाजरीचा रोटला, लसणाची लालभडक चटणी आणि ताक. पिण्याचं पाणी टँकरनं येतं, म्हणून हात धुवायला आम्ही आमच्या कॅनमधलं काढू लागलो. त्यांनी ते अडवलं आणि त्यांच्याच मडक्यातलं पाणी हातावर घातलं. पाहुण्याचे हात घरच्या पाण्यानं धुवायचे, ही रीत त्या उघड्या रणातही मोडत नव्हती. सकाळी त्यांनी मला हाताला धरून प्लेटीपाशी नेलं. काचेवर रात्रीचं दव साचलेलं. सूर्य वर यायच्या आत मऊ फडक्यानं तेच दव फिरवायचं, खारट धूळ निघून जाते आणि गोड्या पाण्याचा थेंबही खर्च होत नाही. ही युक्ती मला कोणत्याच पुस्तकात मिळाली नसती. त्या दिवशी थंड हवेत, लख्ख उन्हात, पुसलेल्या प्लेटींनी सगळ्या प्रवासातली सर्वांत जास्त वीज दिली. दूरवर घुडखरांचा, म्हणजे रानगाढवांचा, कळप धूळ उडवत गेला.

भुजमध्ये दाबेली खाल्ली. ती मूळ मांडवीची, पण भुजकर ते सहज मान्य करत नाहीत. २००१च्या भूकंपानंतर पुन्हा उभारलेल्या रुंद रस्त्यांवरून खावड्याकडे निघालो. वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागली. २१ जूनच्या सुमारास इथे भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते; आमची काठी मात्र अजून चांगली लांब सावली टाकत होती.

खावड्याहून धोळावीरेला जाणारा रस्ता पांढऱ्या रणाच्या मधून काढला आहे, दोन्ही बाजूंना मीठ. एका वळणावर चहाची टपरी होती, चार बांबू आणि ताडपत्री. आसपास विजेचा खांब नाही. चहावाला बशीत चहा ओतून देत होता, गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि त्यानं विचारलं, "नानामां नानी प्लेट केवडी आवे?" लहानात लहान. सूर्यास्त पाहायला येणारी माणसं अंधार पडेपर्यंत थांबतात, तेव्हा त्याला दोन दिवे हवे होते आणि फोन चालू राहायला हवा होता. मी वहीचं पान फाडलं. पाच वॉटचे दोन दिवे, चार तास. एक फोन. दिवसाला ६० वॉट-तास. ४० वॉटची प्लेट, १२ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, छोटा कंट्रोलर, बॅटरीजवळ पाच अँपिअरचा फ्यूज. खाली आकृती काढली, आधी बॅटरी मग प्लेट असं बाणानं दाखवलं. रणातला वारा फार, म्हणून प्लेट बांबूला चारही कोपऱ्यांनी बांधायची, आणि सकाळी दवानं पुसायची, हेही लिहिलं. त्यानं कागद दोनदा वाचला, फ्यूजवर बोट ठेवून तो कशासाठी ते विचारून घेतलं, आणि म्हणाला की परवा भुजला माल आणायला जाणार आहे, तेव्हाच घेऊन येईन. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. दुसरा कप मात्र घ्यायला लावला आणि तोवर शेजारच्या दाबेलीवाल्याला बोलावून आणलं, त्यालाही एक कागद लिहून हवा होता.